माझी टाच आणि राऊतसाहेबांच्या चपला

माझ्या उजव्या टाचेविषयी आमच्या घरात सगळ्यांना सगळं कळतं. फक्त ती दुखते माझी.

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकलं की टाचेत कुणीतरी खिळा ठोकतं. मग भिंत, कपाट, खुर्ची, सासूबाई, जे हाताला लागेल ते धरत मी मोरीपर्यंत पोचते. हे वर्षभर चाललं होतं. त्या वर्षात मला औषधं कमी आणि सल्ले जास्त मिळाले. सासूबाई म्हणाल्या, "वीट तापव, वर रुईचं पान ठेव आणि शेक." शेकलं. टाच भाजली, दुखणं तसंच. वेवजीहून माझ्या थोरल्या नणंदेचा, कुंदा वन्संचा फोन आला, "सुनंदा, पायाखाली बाटली ठेवून मागेपुढे फिरव. मोबाईलवर दाखवतात." फिरवली. बाटली पळाली आणि तिच्या मागोमाग मीही भिंतीपर्यंत गेले. आमच्या ह्यांनी तर पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "वजन." (बस. एवढंच! ज्या माणसाला आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला अर्धा तास लागतो, त्याला इथे एक शब्द पुरला!)

मी तलासरीकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. राहायला चिखल्याला. रोज स्कूटीने जायचं, दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं, आणि मुलं आली नाहीत तर घरोघरी फिरून त्यांना गोळा करून आणायचं. बसून शिकवावं म्हटलं तर साहेब नेमके त्याच दिवशी तपासणीला येतात. शेवटी एक दिवस लंगडत लंगडत डहाणूच्या डॉक्टरांकडे गेले.

"घरात अनवाणी चालता?" त्यांनी विचारलं.

"घरात सगळेच अनवाणी चालतात, डॉक्टर."

"तुम्ही नाही चालायचं. आजपासून एक पाऊलसुद्धा नाही! टाचेला आधार देणारी, जाड तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या. घरातही तीच. कळलं?"

कळलं. न कळण्यासारखं त्यात काय होतं? त्यांनी सांगितलं असं, की मला वाटलं ती चप्पल बाहेर कंपाउंडरकडेच मिळत असेल.

डहाणू रोड स्टेशनाबाहेरची चपलांची एकूण एक दुकानं मी पालथी घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायकांनाही टाच असते, ही बातमी चपला करणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेलीच नाही. त्यांच्या मते बाईच्या पायाला पुढे नेलपॉलिश असतं, आणि मागे जे काही असेल ते साडीखाली झाकलं जातं.

"बेन, आ जुओ! एकदम पोचुं, मावा जेवुं!" एका दुकानदाराने चप्पल पुढे केली.

मी अंगठ्याने दाबून बघितली. खरंच मावा होता. अंगठा पार जमिनीला टेकला.

"मऊ नको हो भाई. आधार पाहिजे, आधार!"

"आधार छे ने! आ जुओ, हील!" असं म्हणून त्याने पेन्सिलीएवढ्या टाचेची, सोनेरी पट्ट्यांची, वर खडे लावलेली सँडल काढली. ती घालून मी उभी राहिले आणि लगेच बसले. पण तोवर मी त्याचं निम्मं दुकान उसकटलं होतं. रिकाम्या हाताने उठायची लाज वाटली, म्हणून ती सोनेरी सँडल घेऊन घरी आले. म्हणजे टाच दुखते म्हणून बाजारात गेले आणि टाच दुखवायची चीज विकत घेऊन आले!

मग वापी गाठली. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि शांतपणे म्हणाला, "लेडीजमां सपोर्ट नथी आवतो, बेन. सपोर्ट जेन्ट्समां आवे."

ऐकलंत? पुरुषांना सपोर्ट आणि आम्हाला खडे! सकाळी पाचपासून ओट्यापाशी उभं कोण राहतं? पाण्याचे हंडे कोण भरतं? लग्नाकार्यात पंक्ती उठेपर्यंत कोण वाढतं? आणि आधार कुणाला, तर जो माणूस बाथरूममधून "टॉवेल!" अशी हाक मारतो त्याला! मी हे सगळं त्या म्हाताऱ्याला मराठीत सुनावलं. त्याने ते सगळं गुजरातीत मान्य केलं आणि पुरुषांच्या फळीवरून एक खोकं काढलं. आठ नंबर. (माझा पाय वडिलांवर गेला आहे. मला बघायला आले तेव्हा तो लपवून ठेवला होता.)

चपला दिसायला भयंकर होत्या. काळ्या, जाड, तीन पट्ट्यांच्या, तळ ट्रॅक्टरच्या टायरचा काढल्यासारखा. पण मी त्या घालून उभी राहिले आणि खिळा आला नाही. दुकानाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. खिळा नाही! खरं सांगते, मला रडू आलं. वर्षभराने मी चारचौघींसारखी चालत होते.

"टाइट छे, बेन?" म्हातारा घाबरला.

"नाही हो भाई," मी डोळे पुसत म्हटलं. "बरोब्बर आहेत."

घरी आल्यावर सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगंबाई! कोण पाहुणे आलेत?"

"कुणी नाही, आई. ह्या माझ्या चपला आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, घरातसुद्धा घालायच्या."

सासूबाईंनी एकदा चपलांकडे पाहिलं, एकदा देवघराकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. "घरात? देवासमोरून? चपला घालून? डॉक्टरला म्हणावं, तुझ्या घरात देव नसतील. आमच्याकडे आहेत!"

बरीच बोलाचाली होऊन तोडगा निघाला. चपला स्वयंपाकघरात चालतील, बेडरूममध्येही चालतील. पण मधल्या खोलीत देवघर आहे, तिथून चपलांनी जायचं नाही. आता आमच्या घरात स्वयंपाकघर एका टोकाला, बेडरूम दुसऱ्या टोकाला, आणि मधे मधली खोली. म्हणजे भाजी फोडणीला टाकून चष्मा आणायला जायचं, तर मागच्या दाराने बाहेर पडा, घराला वळसा घाला, पुढच्या दाराने बेडरूममध्ये शिरा आणि आल्या वाटेने परत या! शेजारच्या नलूकाकू रोज विचारायच्या, "कुठे निघालीस गं?"

"बेडरूममध्ये, काकू."

दोनचार दिवसांनी त्यांनी विचारायचं सोडून दिलं. नुसत्या हात जोडायच्या. त्यांना वाटलं, मी घराला प्रदक्षिणेचा नेम धरला आहे.

तेही मी सोसलं. पण पुढचं संकट आमच्या मागच्या दारात होतं. आमच्याकडे मागच्या दारात काढलेली चप्पल कुणा एकाची नसते. ज्याला बाहेर जायचं असेल त्याने जी पहिली दिसेल तिच्यात पाय घालायचा, ही आमची रीत. आजवर तिथे अंगठा तुटलेल्या स्लिपरा पडलेल्या असत, तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता तिथे माझ्या चपला आल्या! हे त्या घालून चिकूच्या वाडीत मोटर लावायला जायला लागले. सासूबाई त्या घालून कपडे वाळत घालायला लागल्या. (देवासमोर चपला चालत नाहीत, सुनेच्या चपला चालतात!) मला हव्या असतील तेव्हा मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बगळ्यासारखी एका पायावर उभी.

"अहो, माझ्या चपला!"

"आलो आलो, दोन मिनिटं!" वाडीतून आवाज यायचा.

"तुमच्या कुठे आहेत?"

"त्यांच्यात ही मजा नाही गं!"

मजा! त्या परत यायच्या तेव्हा त्यांना चिखल लागलेला, चिकूचा चीक लागलेला. शेवटी मी दोन्ही चपलांच्या मागच्या पट्ट्याला आतून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि घरात जाहीर केलं, की लाल ठिपका दिसला की हात लावायचा नाही, पाय तर नाहीच नाही. ह्यांनी ठिपका नीट निरखून पाहिला. "हे बरं केलंस. आता अंधारातही पटकन ओळखू येतील," म्हणाले आणि घालून गेले.

अशात मे महिन्याच्या सुट्टीत कुंदा वन्संच्या मुलीचं, दिपालीचं, ठरत आलं. म्हणजे मुलाने आणि मुलीने आपापसांत कधीच ठरवलं होतं. मोठ्यांना आपण ठरवलं असं वाटावं म्हणून बघण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मुलगा डहाणूचा, चांगला. पण मुलाचे वडील! कुठल्याशा खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे घरातही सगळे त्यांना राऊतसाहेबच म्हणायचे. माणूस भलता मानी. थोरल्या मुलाच्या वेळी एका ठिकाणी त्यांना खुर्ची द्यायला उशीर झाला, तर तिथून उभ्याउभ्याच परत फिरले होते. त्यामुळे कुंदा वन्संनी आठवडाभर आधीपासून मला फोनवर बजावलं होतं, "सुनंदा, तोंड सांभाळ हं. तुझं तोंड आणि राऊतसाहेबांचं नाक, दोन्ही एका घरात मावायचं नाही." दिपालीने तर मला वेगळा फोन केला. "मामी, तू माझ्याजवळ राहा. मला फार भीती वाटते गं."

कार्यक्रमाचा दिवस शनिवार. सासूबाई सकाळीच आमच्या आळीच्या टोकाला, मोठ्या रस्त्यावरच्या मारुतीला तेल वाहून आल्या होत्या आणि नव्या साडीत प्रसन्न बसल्या होत्या. मी तयार होऊन मागच्या दारात आले. चपला नाहीत.

"अहो! चपला!"

हे समोरच उभे. पायात स्वतःचे बूट. "मी नाही हो!"

"मग गेल्या कुठे?"

"वाडीत बघतो." बघून आले. नव्हत्या. मी पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, ह्यांच्या चेहऱ्याकडे तर तीनदा बघितलं. ह्यांच्यावर मी कायकाय आरोप केले ते इथे सांगत नाही. सासूबाई मात्र कधी नव्हे त्या गप्प होत्या. "उशीर होतोय," एवढंच म्हणाल्या. "मिळतील गं. वस्तूचं काय एवढं?" (आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच, पण मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!) शेवटी ती सोनेरी, खडेवाली सँडल घालून मी गाडीत बसले. घोलवड येईस्तोवर मी बोलत होते, बोर्डीनंतर टाच बोलायला लागली.

वेवजीला पोचलो तर पाहुणे आमच्या आधीच आलेले. वन्संच्या ओट्याच्या पायरीशी चपलांचा ढीग होता. मी माझी सोनेरी यातना काढायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. ढिगात, मधोमध, माझ्या चपला! काळ्या, जाड, तीन पट्ट्यांच्या, आठ नंबरच्या. हाताने पट्टा उलटा केला. आत लाल ठिपका.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. (माझ्या बाबतीत ती आधीपासून तळपायात होतीच.) चोर ह्याच घरात होता! कोण, कसा, ते नंतर बघू. आधी माल ताब्यात घेऊ, असं म्हणून मी त्या तिथल्या तिथे पायात चढवल्या. अहाहा! पण चपला घालून वन्संच्या घरात जाता येईना, आणि काढून ठेवायची तर माझी छाती होईना. "मला उकडतंय, मी बाहेरच बसते," असं सांगून मी ओट्याखाली फणसाच्या झाडापाशी खुर्ची टाकली आणि चोर बाहेर यायची वाट बघत बसले.

आत पोहे झाले, प्रश्न झाले, दिपाली "मला स्वयंपाक येतो" असं धडधडीत खोटं बोलली, हसण्याचे आवाज आले. सगळं छान चाललं होतं. मग राऊतसाहेब म्हणाले, "जरा तुमची वाडी बघू या," आणि मंडळी ओट्यावर आली. राऊतसाहेब पायरीशी थांबले. ढिगात पाय घातला, काढला. दुसरीकडे घातला.

"माझ्या चपला कुठे आहेत?"

मी ताठ झाले. तुमच्या?

"इथेच असतील, साहेब," वन्संचे यजमान, आमचे भावोजी, लगबगीने पुढे झाले. "कशा आहेत?"

"काळ्या. जाड तळाच्या. अशातशा नाहीत, सिंगापूरच्या आहेत. आमच्या राजेशने आणल्यात."

राजेश म्हणजे नवरामुलगाच. तो दचकला. "मी?"

"तू नव्हे रे. तुझ्या मामाने. घरातलंच माणूस, एकच ते!"

सिंगापूरच्या! वापीच्या म्हाताऱ्याने फळीवरून काढून दिलेल्या, मी रडून विकत घेतलेल्या, ज्यांच्यावर माझ्या नेलपॉलिशचा ठिपका आहे त्या माझ्या चपला सिंगापूरच्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर ऐकत होते. मी खुर्चीवरून उठले, साडी जरा वर धरली आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात सासूबाईंची नजर माझ्या पायांवर पडली. "अगं माझे आई!" त्या किंचाळल्या, चार पायऱ्या दोन टांगांत उतरल्या आणि माझं मनगट धरून मला फरफटत घरामागच्या धुण्याच्या दगडाशी घेऊन गेल्या. ज्या बाईंना एरवी जिना चढायला माझा खांदा लागतो!

"काढ! आधी काढ त्या! परत कशाला घातल्यास?"

"परत म्हणजे? आई, तुम्हाला काय ठाऊक आहे?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. भजनातल्या कुणी बाईने त्यांना उपाय दिला होता. शनिवारी मारुतीच्या पायरीवर चपला सोडून यायच्या, मागे वळून बघायचं नाही, आणि जिचं दुखणं असेल तिला सांगायचं नाही. दुखणं चपलांबरोबर जातं.

"अहो, पण मग माझ्या जुन्या स्लिपरा सोडायच्या होत्या! ह्या कशाला?"

"त्यांच्यात दुखणं कुठे होतं?" सासूबाई म्हणाल्या. "तूच सांगतेस ना, ह्या घातल्या की दुखत नाही आणि काढल्या की लगेच दुखतं? म्हणजे घातल्या की दुखणं चपलांत उतरतं, काढल्या की पायात चढतं. मग उतरलेलं असतानाच सोडून आले. चुकलं काय माझं?"

मी विज्ञानाची शिक्षिका. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष, सगळं त्यात होतं.

"आणि राऊतसाहेब डहाणूहून येताना वाटेत दर्शनाला थांबले असणार," सासूबाई पुढे म्हणाल्या. "बिचाऱ्यांनी दुखणं आपल्या पायात घेतलं, आणि तू ते परत घालून घेतलंस!"

"बिचाऱ्यांनी? आई, त्यांनी देवळातून चपला चोरल्यात!"

"हळू! व्याही आहेत ते कुंदाचे!"

"अजून झालेले नाहीत!"

"तुझ्या तोंडाने व्हायचेही नाहीत!"

इतक्यात दिपाली मागच्या दाराने बाहेर आली. नवीकोरी साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली, अनवाणी, केसांतला गजरा एका कानावर आलेला. ती कोंबड्यांच्या खुराड्यात वाकून बघत होती. "मामी, तुला दिसल्या का गं कुठे? काळ्या आहेत म्हणे. ते खुर्चीवर बसून राहिलेत आणि कुणाशी बोलत नाहीयेत. नाही सापडल्या तर उठून जातील गं." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कालपरवापर्यंत माझ्या मांडीवर बसून चिकू खाणारी पोर. तिला तो मुलगा किती आवडतो ते मला ठाऊक होतं.

आता मी काय करावं? चपला माझ्या आहेत म्हणावं, तर राऊतसाहेब चारचौघांत देवळातले चप्पलचोर ठरतात आणि लग्न मोडतं. न म्हणावं, तर उद्या सकाळी तो खिळा! मला इतका राग आला, इतका राग आला, की मी त्या धुण्याच्या दगडावर बसले आणि माझ्या हातांनी माझ्या चपलांचे पट्टे सोडले.

ह्यांना हळूच बोलावून घेतलं. चपला हातात दिल्या. संसारात पहिल्यांदा ह्यांनी काही न विचारता ओळखलं. (ठिपका बघून! तेवढा तरी उपयोग झाला.) दोनच मिनिटांत पेंढ्याच्या बाजूने ह्यांची आरोळी आली, "सापडल्या! सापडल्या! कुत्र्याने नेल्या होत्या!"

कुंदा वन्संकडे कुत्रा नाही. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"शेजारचा असेल," राऊतसाहेब म्हणाले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून त्या शेजारच्या कुत्र्याला शिव्या घातल्या.

राऊतसाहेबांनी चपला घातल्या आणि जागच्या जागी चार पावलं टाकली. "ह्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही हो. टाचेचं दुखणं आहे ना मला. वर्षभर ह्याच वापरतोय." (आज सकाळपासून वापरत होता माणूस!) त्यांच्या बायकोने वाकून पट्टा पाहिला. "अहो, हा लाल ठिपका कसला?"

"कंपनीचा शिक्का आहे तो," राऊतसाहेब म्हणाले. "ओरिजिनलला असतो."

सासूबाईंनी मागून माझा पदर घट्ट धरून ठेवला होता. मी ढिगातली सोनेरी सँडल पुन्हा पायात चढवली आणि राऊतसाहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मामी लंगडताय का तुम्ही? टाच? मग असल्या सोनेरी सँडल कशाला घालता? बायकांचं हेच चुकतं बघा. दिसण्यापायी पायाची वाट लावून घेता. माझ्यासारख्या चांगल्या चपला घ्या!"

मी हसले. त्या हसण्याने माझे जबडे अजून दुखतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे तिथे मला कळलं. लग्न ठरलं. भावोजींनी सुपारी फोडली, पेढे वाटले गेले, दिपाली माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्याहून जास्त रडले. सगळ्यांना वाटलं, मामीचा फार जीव आहे.

परतताना मी मारुतीपाशी गाडी थांबवायला लावली. पायरीच्या कडेला एक जुना जोड पडला होता, टाच एका बाजूने झिजलेली, अंगठा खिळा ठोकून बसवलेला. राऊतसाहेबांचाच, दुसरा कुणाचा असणार? मी हात पुढे केला तर सासूबाई गाडीतूनच ओरडल्या, "हात लावू नकोस! त्यात त्यांचं दुखणं आहे!"

पुढच्याच आठवड्यात वापीला गेले. म्हाताऱ्याने मला ओळखलं, चष्मा कपाळावर ढकलला. "ए माल बंध थई गयो, बेन." आणि तिच्या जागी आलेली नवी चप्पल दाखवली. मऊ होती.

दिपालीचं लग्न थाटात झालं. वरातीत बँजोपुढे राऊतसाहेब नाचले. मोठ्या रस्त्यावरून थेट मांडवापर्यंत उड्या मारत नाचले, माझ्या चपला घालून, आणि मी खडे चमकवत मागून लंगडत होते. मांडवात ते घाम पुसत माझ्याजवळ आले. "मामी, टाच अजून बरी नाही? एक उपाय सांगतो, पण कुणाला बोलू नका. शनिवारी तुमच्या त्या मारुतीला चपला सोडून यायच्या. माझं दुखणं तिथेच गेलं. जुन्या चपला पायरीवर सोडल्या, आणि..."

"आणि?" मी विचारलं.

"आणि... मागे वळून बघितलं नाही."

"बघ!" सासूबाईंनी मला कोपर मारलं. "मी काय सांगत होते!"

त्या दिवसापासून मी दर शनिवारी मारुतीला जाते. सासूबाई आळीभर सांगत फिरतात, सूनबाईला देवाचं वेड लागलं. लागू देत. मी हात जोडते, प्रदक्षिणा घालते, आणि पायरीवर कुणी काय सोडून गेलंय ते बघते. माझ्यासाठीही एखाद्या सासूबाई कुठून तरी काही सोडून जात असतीलच ना? गेल्या शनिवारी एक जोड दिसला. काळा, जाड तळाचा, मागून पट्टा. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पाय घातला. आठचाच होता! पट्टा लावून मी चार पावलं टाकली असतील नसतील, तोच गाभाऱ्यातून एक गृहस्थ हातात नारळ घेऊन धावत बाहेर आले.

"अहो बाई! माझ्या चपला!"

मी त्यांच्याकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं आणि माझ्याच तोंडून स्वच्छ शब्दांत निघालं, "तुमच्या कशा असतील? ह्या सिंगापूरच्या आहेत. भावाने आणल्यात."